लहान मुलांना रंग कळतो: एका बालवाडीच्या विश्वस्तांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त यांस,

स.न.वि.वि.

स्नेहसंमेलनातल्या पात्रनिवडीबद्दल आम्ही काही पालकांनी दिलेल्या अर्जाला तुमचं उत्तर मिळालं. ‘मुले लहान आहेत, त्यांना यातले काही समजत नाही. पालकांनी स्वतःचे विचार मुलांवर लादू नयेत. संस्थेच्या दृष्टीने हा विषय संपला आहे,’ असं तुम्ही लिहिलं आहे. माझ्या दृष्टीने तो संपलेला नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. संस्थेचं नाव घेत नाही. आमच्या बालवाडीत जे घडलं ते गावोगावच्या बालवाड्यांत घडतं, आणि तिथल्या विश्वस्तांनी, ताईंनी, पालकांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

माझी मुलगी तुमच्याकडे मोठ्या गटात आहे. तिचा रंग काळा आहे, माझ्यासारखा.

संमेलनात रामायणावरचं नाटुकलं होतं. राम, लक्ष्मण, सीता झालेली मुलं वर्गातली सगळ्यांत गोरी मुलं होती. राक्षसांच्या घोळक्यातली एकूण एक मुलं काळी होती आणि त्यांच्या गालांवर, कपाळावर वर आणखी काजळ फासलं होतं. मुलांचे कपडे नीट करायला मदत म्हणून मी विंगेत होते. राक्षस झालेल्या एका मुलाने ताईंना विचारलं, ‘मला राम कधी करणार?’ ताई घाईत होत्या, पण रागावल्या नाहीत. हसून, प्रेमानेच म्हणाल्या, ‘अरे, राम असा असतो का?’ तो काही बोलला नाही. काजळासाठी त्याने तोंड पुढे केलं.

ज्या रामाला आपण पिढ्यान्‌पिढ्या मेघश्याम म्हणत आलो, त्याच्याबद्दल एका काळ्या मुलाला हे ऐकावं लागलं. आषाढीच्या दिंडीतही हेच झालं होतं. विठोबा कोण होणार, तर वर्गातला सगळ्यांत गोरा मुलगा. पंढरपूरला विटेवर उभी असलेली मूर्ती काळ्या पाषाणाची आहे, हे त्या दिंडीत टाळ वाजवणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना माहीत होतं, आणि कोणालाही त्यात खटकलं नाही. मला सर्वांत जास्त काळजी या न खटकण्याची वाटते.

संमेलनानंतर एकदा माझी मुलगी शेजारच्या मैत्रिणीबरोबर भातुकली मांडून बसली होती. कोणी काय व्हायचं हे ठरत होतं. ती म्हणाली, ‘तू मॅडम हो. मी भांडीवाल्या मावशी होते. मी काळी आहे ना.’ आवाजात दुःख नाही, तक्रार नाही. पोळी गोल असते हे सांगावं तितक्या सहजपणे तिने ते सांगितलं. आमच्याकडे येणाऱ्या मावशी कष्टाने दोन मुलं शिकवत आहेत, त्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण पाच वर्षांच्या मुलीने रंगावरून माणसाचं काम ठरवलं आणि त्यात स्वतःलाही बसवलं. हा धडा तिला कोणी समोर बसवून शिकवला नव्हता. आजूबाजूला कोण कुठे उभं आहे ते तिने पाहिलं आणि हिशोब मांडला.

आता तुमच्या ‘समजत नाही’ या म्हणण्याकडे येते. हे म्हणणं जगात अनेकांनी तपासून पाहिलं आहे.

अमेरिकेत मेमी आणि केनेथ क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या हुबेहूब सारख्या. खेळायला कोणती आवडेल? छान कोणती? वाईट दिसते ती कोणती? १९४७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली, आणि वाईट दिसणारी म्हणून निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी बाहुली उचलून दिली. त्यानंतर प्रश्न यायचा: तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे. या प्रश्नाला काही मुलं रडली, काही खोलीतून पळाली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णावर आधारलेली फाळणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला होता. तीन वर्षांच्या मुलांनी दिलेली उत्तरं एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतली. आमचा अर्ज मात्र तुम्ही एका परिच्छेदात निकाली काढलात.

पालकसभेत तुमच्यापैकी एकांनी सांगितलं की आपल्याकडे सगळ्या थरांतली मुलं एकाच सतरंजीवर बसतात, मग भेदभाव कुठे आला? क्लार्क यांच्या पाहणीत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या वेगळ्या शाळांतली मुलं होती आणि उत्तरेतल्या, गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी मुलंही होती. गोऱ्या बाहुलीकडचा ओढा उत्तरेतल्या मुलांमध्ये कमी नव्हता, थोडा जास्तच होता. सतरंजी एक असणं चांगलंच आहे. पण त्या सतरंजीवरून उठवून पुढे कोणाला उभं करतात, हे मुलं रोज बघत असतात.

कोणी म्हणेल, हे जन्मजातच असेल, त्याला शाळा काय करणार? यावरही काम झालं आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना चेहऱ्याच्या वर्णाने फरक पडत नाही. तीन महिन्यांची झाली की ती रोज दिसणाऱ्या वर्णाचे चेहरे जास्त वेळ न्याहाळतात. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं की इथिओपियाहून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतली बाळं, ज्यांना दोन्ही वर्णांची माणसं रोज दिसत होती, ती कुठल्याच बाजूला झुकत नव्हती. म्हणजे नजरेला सवय लागते, आणि जिथे दोन्ही प्रकारचे चेहरे असतात तिथे ती दोन्हीची लागते. या सवयीला चांगलं-वाईट चिकटतं ते पुढे, बालवाडीच्या वयात.

ते कसं चिकटतं हे सांगणारा एक प्रयोग तुम्ही सर्वांनी नीट समजून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. मेगन पॅटरसन आणि रेबेका बिग्लर या संशोधकांनी अमेरिकेतल्या बालवाडीत ३ ते ५ वर्षांच्या मुलांना लाल आणि निळे टी-शर्ट वाटले. कोणाला कोणता, याला काहीही अर्थ नव्हता. काही वर्गांत शिक्षिका त्या रंगांचा दिवसभर वापर करत होत्या: लाल मुलांनी आधी रांग लावा, निळ्या मुलांचं सामान इकडे ठेवा. बाकी वर्गांत टी-शर्ट तेच, पण शिक्षिका त्याबद्दल काही बोलत नव्हत्या. लाल चांगले की निळे, हे कुठल्याच वर्गात कोणी सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी पाहिलं तर जिथे शिक्षिकांनी रंग वापरला होता, तिथल्या मुलांच्या मनात ‘आपला गट जास्त चांगला’ ही भावना अधिक पक्की झालेली होती. तीन आठवड्यांत, दुकानातून आणलेल्या टी-शर्टवरून! आमची मुलं तुमच्याकडे तीन-तीन वर्षं असतात. त्यांचा रंग संध्याकाळी काढून खुंटीला टांगता येत नाही. आणि आपल्याकडे त्या रंगाचा अर्थ पाटीवर लिहून ठेवावा इतका उघड आहे: एका रंगाला राम, दुसऱ्याला राक्षस.

इटलीत लुईजी कास्तेली यांनी सहकाऱ्यांसह केलेलं कामही याच दिशेचं आहे. मुलांना चित्रफीत दाखवली: एक गोरा माणूस एका कृष्णवर्णीय माणसाशी बोलतो आहे. काही चित्रफितींत त्याचे शब्द अगदी आपुलकीचे, पण बसणं लांब, नजर चुकवलेली. मुलांनी शब्द सोडून दिले आणि देहबोली उचलली. आमच्या बालवाडीत प्रार्थनेनंतर ‘आपण सगळे समान’ असं म्हणवून घेतात. ते चालू राहू दे. पण कोणाला मांडीवर घेतलं जातं, कोणाचा गालगुच्चा घेतला जातो, पाहुणे आले की गुच्छ द्यायला कोणाला पाठवतात, हे मुलं त्या प्रार्थनेपेक्षा जास्त लक्ष देऊन बघतात.

तुमच्या बालवाडीतल्या ज्या गोष्टींवर माझा आक्षेप आहे त्या आता सांगते. पात्रनिवडीबद्दल बोलून झालं आहे.

वर्गात शिस्तीचा तक्ता आहे. शहाण्या मुलाच्या नावापुढे चांदणी, मस्ती करणाऱ्याच्या नावापुढे काळी फुली. भिंतीवरच्या ‘वाईट सवयी’च्या चित्रातला मुलगा काळा आहे, ‘चांगल्या सवयी’तला गोरा, गुलाबी गालांचा. रंगाला जोडलेला हा बरे-वाईटपणा माणसांपर्यंत कसा पोहोचतो, यावर जॉन विल्यम्स यांनी अमेरिकेत १९६०च्या दशकापासून काम केलं. सारख्याच दोन प्राण्यांची चित्रं, एक पांढरा आणि एक काळा, दाखवून मुलांना विचारायचं: यातला दुष्ट कोण? प्रेमळ कोण? शाळेत न गेलेली मुलंही मोठ्या प्रमाणात काळ्याला दुष्ट म्हणत. मुलं अंधाराला घाबरतात, तिथूनही याची सुरुवात होत असावी असं विल्यम्स यांचं मत होतं. मला ते पटतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती आपल्या उपयोगाची आहे: मुलांना थोडं वेगळं वळण लावलं की रंग आणि दुष्टपणा यांची ही गाठ बरीच सैल होते.

तसं वळण लावायला आपल्याला परदेशातून काही आणायची गरज नाही. संक्रांतीला आपण बाळाला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून बोरन्हाण घालतो. तीट काळी असते आणि ती बाळाला जपण्यासाठी लावतात. ज्या काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी पिकते तिला शेतकरी आई म्हणतो. इतकं सगळं हाताशी असताना आमच्या मुलांच्या वाट्याला फक्त फुलीतला काळा यावा, हे मला मान्य नाही.

खडूंच्या पेटीतल्या फिकट गुलाबी खडूला वर्गात ‘स्किन कलर’ म्हणतात. माझ्या मुलीने काढलेल्या ‘माझं कुटुंब’ या चित्रात आम्ही तिघंही त्या खडूने रंगवलेलो आहोत. तिने आधी बाबांना तपकिरी रंगवलं होतं, ते खोडून वर गुलाबी घासलं आहे. कागद तिथे फाटायला आला आहे. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने अशाच खडूवरचं ‘फ्लेश’ हे नाव १९६२ साली काढून टाकलं. आपण अजून तोच शब्द वापरतो, आणि तोही अशा वर्गात जिथे त्या खडूच्या रंगाचं एकही मूल नाही. गोऱ्यातलं गोरं मूलही नाही.

प्रवेशाच्या फ्लेक्सबद्दल फार लिहीत नाही. त्यावर सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची मुलं आहेत. आमच्या गल्लीत तशी मुलं नाहीत, हे तुम्हालाही दिसतं.

‘उन्हात जाऊ नकोस, काळी होशील’ असं मधल्या सुट्टीत मुलींना सांगितलं जातं. मुलांना नाही, मुलींना. त्यामुळे घसरगुंडीवर मुलगे असतात आणि मुली पायऱ्यांवर सावलीत बसून राहतात. रंगाच्या भीतीने मुलींचं पळणं-धावणं कमी होतं आहे आणि शाळा त्याला हातभार लावते आहे.

आणि एक गोष्ट, जी आमच्या अर्जात नव्हती, पण असायला हवी होती. छोट्या गटात एक मुलगा आहे. त्याचे वडील ईशान्येतून कामासाठी इथे आले, जवळच्या सोसायटीत वॉचमन आहेत. त्याला वर्गात ‘चिनी’ म्हणतात. मुलं म्हणतात आणि ताईही कौतुकाने म्हणतात. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निदो तानिया या तरुणाच्या दिसण्याची टिंगल झाली, त्यावरून मारहाण झाली आणि तो मेला. त्यानंतर केंद्राने ईशान्येतल्या लोकांच्या प्रश्नांवर बेझबरुआ समिती नेमली होती. ती टिंगल करणारी माणसंही कधीतरी बालवाडीच्या वयाची होती. कोणाच्या चेहऱ्याला हसायचं, हे माणूस कुठेतरी शिकतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण सभेत ती सगळ्यांच्या मनात होती आणि कोणीच बोललं नाही. आपल्याकडे रंगावरून जातीचा अंदाज बांधतात. गोऱ्या मुलाचं आडनाव विचारल्यावर ‘वाटत नाही हो’ म्हणणारी माणसं आपल्याच सभेत होती. अमेरिकेतला वर्णभेद आणि आपली जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीत आहे. पण तिसऱ्या वर्षी रंगावरून माणसं वर-खाली लावायला शिकलेलं मूल सहाव्या-सातव्या वर्षी आडनावं ऐकायला लागतं, तेव्हा त्याच्या हातात उतरंड तयार असते. काळ्या मुलांच्या आयांपैकी अर्ज द्यायला ज्या पुढे आल्या नाहीत, त्या का आल्या नाहीत, याचा विश्वस्तांनी विचार करावा.

‘हे सगळं मुलं घरातूनच आणतात,’ असं तुम्ही म्हणाल, आणि त्यात बरंच खरं आहे. गरोदर बाईला केशर घातलेलं दूध देतात ते कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बारशाला पाळण्यात डोकावून आधी रंग बघतात. गोरं करण्याचं आश्वासन देणारं क्रीम १९७५ पासून देशात विकलं गेलं, आणि त्याच्या नावातला ‘फेअर’ निघायला २०२० साल उजाडलं. पण घरात जे चालतं त्याला शाळेतही मान्यता मिळाली, की ते मुलाच्या लेखी खरं होतं. घरी आत्या काळी म्हणते, पण ताई म्हणत नाहीत, एवढा आधार असता तरी माझ्या मुलीला पुरला असता. जून २०२० मध्ये पश्चिम बंगालमधल्या बर्धमानच्या एका शाळेत पूर्वप्राथमिकच्या अक्षरओळखीच्या पुस्तकात ‘अग्ली’ या शब्दापुढे काळ्या माणसाचं चित्र होतं. पालकांनी आवाज उठवला आणि दोन शिक्षिकांना निलंबित करण्यात आलं. मला इथे कोणाचं निलंबन नको आहे. आमच्या ताई मनाने चांगल्या आहेत, तुटपुंज्या पगारात तीस-तीस मुलं सांभाळतात, आणि त्यांना या विषयावर आजवर कोणी काही सांगितलेलं नाही. ती जबाबदारी तुमची आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला बंदी आहे. तो कायदा ६ ते १४ वयासाठी आहे, बालवाडीला लागू नाही, हे तुमच्या सचिवांनी सभेत बरोबर सांगितलं. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे आणि तुमच्या माहितीपत्रकात त्या धोरणाचा उल्लेख ठळक अक्षरांत आहे. मग पाचव्या वर्षी जे करायला कायद्याने कोणी अडवत नाही आणि सहाव्या वर्षी ज्याला बंदी आहे, ते करत राहावं असं संस्थेला वाटतं का?

आमच्या मागण्या अशा आहेत.

नाटुकल्यातली, दिंडीतली, नाचातली कामं चिठ्ठ्या टाकून द्यावीत, आणि चिठ्ठ्या मुलांच्या हातून उचलाव्यात. कोणाच्याही तोंडाला उजळ किंवा काळं करण्यासाठी काही लावू नये. राक्षसाला मुखवटा पुरतो.

काळी फुली बंद करावी, भिंतीवरची ती दोन चित्रं उतरवावीत. ‘स्किन कलर’ हा शब्द वर्गातून जावा. तपकिरी रंगाच्या तीन-चार छटांचे खडू प्रत्येक वर्गात ठेवावेत. खर्च अडचणीचा असेल तर आम्ही पालक वर्गणी काढू. फ्लेक्सवर आपल्या मुलांचे फोटो टाका असं मी म्हणत नाही, ते सुरक्षित नाही. त्यांनी काढलेली चित्रं लावा.

नवं वर्ष सुरू होण्याआधी सर्व ताई, मदतनीस मावशी आणि व्हॅनचे काका यांच्यासाठी या विषयावर एक पूर्ण दिवस द्यावा, आणि त्या दिवशी विश्वस्तांनीही हजर राहावं. मुलांनी रंगाबद्दल काही विचारलं तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नये. आपल्या त्वचेत मेलॅनिन असतं, ज्याच्यात जास्त त्याचा रंग गडद, ज्याच्यात कमी त्याचा फिका, आणि ते उन्हापासून आपलं रक्षण करतं, इतकं चार वर्षांच्या मुलालाही समजतं. काळी मुलगी उन्हात खेळली तर काही बिघडत नाही, हेही तेव्हाच सांगता येईल.

छोट्या गटातल्या त्या मुलाला उद्यापासून त्याच्या नावाने हाक मारावी. यासाठी बैठक बोलावण्याची गरज नाही.

आमच्या अर्जावरचं तुमचं उत्तर मागे घ्यावं आणि वरच्या प्रत्येक मागणीवर होय की नाही, आणि नाही असेल तर का नाही, हे पुढच्या पालकसभेत लेखी द्यावं. अर्ज द्यायला ज्या आया पुढे आल्या नव्हत्या त्यांना मी स्वतः घरी जाऊन त्या सभेला बोलावणार आहे. सभेची वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवावी, कारण त्यांतल्या बऱ्याच जणी तोपर्यंत कामावर असतात.

कळावे,

मोठ्या गटातल्या एका मुलीची आई